गेज लावल्याशिवाय टाकी उघडू नये

सेल्फ व्यवस्थित बसतो, इंजिन फिरते, पण गाडी काही सुरू होत नाही. टो करून आणलेली पेट्रोल गाडी अशा अवस्थेत दारात उभी राहिली की अनेक गॅरेजांतून बॉनेट उघडण्याआधीच पार्टवाल्याला फोन जातो, ‘फ्युएल पंप आहे का?’ मागची सीट निघते, टाकीवरचे झाकण उघडते, नवा पंप बसतो. गाडी सुरू झाली तर निदान बरोबर ठरते. नाही झाली तर मग रिले, वायरिंग आणि सेन्सर यांची पाळी येते. एकदा पेट्रोलात बुडालेला इलेक्ट्रिक पार्ट दुकानदार सहसा परत घेत नाही. त्याचे चार आकडी, काही गाड्यांत पाच आकडी बिल गाडीमालकाच्या माथी बसते. हे थांबले पाहिजे. त्यासाठी लागते ते एक प्रेशर गेज, एक मल्टिमीटर, जमल्यास डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर आणि अर्धा-पाऊण तास.

चावी ऑन केल्यावर टाकीतून दोन-तीन सेकंद येणारी घूं ही पहिली खूण. पण ती आली नाही म्हणजे पंप गेला, हा निष्कर्ष घाईचा आहे. फ्यूज उडालेला असेल, रिलेचे पॉइंट जळालेले असतील, इमोबिलायझरने गाडी अडवून धरली असेल. सेल्फ मारताना क्रँक सेन्सरचा सिग्नल मिळाला नाही तर इसीयू पंपाला करंट देत नाही. घाटात तापल्यावर बंद पडणारी आणि अर्ध्या तासाने आपोआप सुरू होणारी गाडी हे याचे नेहमीचे उदाहरण. पंपाची मोटर तापून अडकली तरी लक्षण तेच, क्रँक सेन्सर तापून गेला तरी तेच. दोन्हींतला फरक स्कॅनर सांगतो. सेल्फ मारताना आरपीएम शून्य दिसत असेल तर आधी सेन्सर आणि त्याचा कनेक्टर पाहावा, टाकीला हात लावू नये.

टाकीच्या बुडाला रबरी हातोडीने हलके ठोकल्यावर गाडी सुरू झाली, तर पंपाच्या मोटरचे ब्रश झिजल्याचा संशय पक्का होतो. ही जुनी युक्ती निदानासाठी उपयोगी आहे. तेवढ्यावर गाडी ग्राहकाच्या हाती देणे मात्र धोक्याचे, कारण ती पुढच्या वेळी हायवेवर बंद पडू शकते.

सर्वांत जास्त फसवणूक होते ती व्होल्टेजच्या बाबतीत. कनेक्टर काढून त्यात मीटरच्या पिना घातल्या की बारा व्होल्ट दिसतात आणि ‘सप्लाय ओके’ असा शेरा मारला जातो. पण मीटर जवळजवळ करंटच घेत नाही, त्यामुळे जळालेला पॉइंट किंवा गंजलेली अर्थ त्याला दिसत नाही. पंप पाच अँपिअर घेत असेल आणि वाटेत कुठे ०.२ ओहमचा अडथळा असेल, तर तिथेच एक व्होल्ट खर्ची पडतो. ०.४ ओहम असेल तर दोन. दहा व्होल्टवर चालणारा पंप आवाज करतो, गाडी सुरूही होते, पण ओव्हरटेक करताना दम सोडते. म्हणून मोजणी पंप चालू असतानाच, कनेक्टर जोडलेला ठेवून मागच्या बाजूने पिना लावून करावी. बॅटरीच्या प्लसपासून पंपाच्या प्लसपर्यंत आणि पंपाच्या मायनसपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत, दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजाव्यात. कुठल्याही बाजूला अर्ध्या व्होल्टहून जास्त घट आढळली तर आधी ती वायर दुरुस्त करावी. मोड्यूलच्या झाकणावरचा कनेक्टर तपकिरी पडलेला किंवा वितळलेला असेल तर नव्या पंपासोबत तोही बदलावा. जुन्या कनेक्टरवर बसवलेला नवा पंप लवकर परत येतो आणि दोष कंपनीच्या मालाला दिला जातो.

प्रेशरचे आकडे मॉडेलनुसार बदलतात. साध्या पोर्ट इंजेक्शनच्या गाड्यांत ते बहुधा ३ ते ४ बारच्या आसपास असते, पण मॅन्युअल पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये. गेज फक्त आयडलवर पाहून चालत नाही. रस्त्यावर लोड असताना प्रेशर पडते का, हे पाहायला हवे. स्कॅनरवर फ्युएल ट्रिम लोडखाली प्लसमध्ये चढत असेल तर संशयाला जोर येतो. करंटही बोलका असतो. प्रेशर कमी आणि करंट नेहमीपेक्षा जास्त, म्हणजे मोटर अडकते आहे किंवा पुढचा फिल्टर चोंदला आहे. दोन्ही कमी असतील तर झिजलेले ब्रश, अपुरा सप्लाय किंवा गळता रेग्युलेटर तपासावा. चावी बंद केल्यावर प्रेशर झरकन उतरत असेल आणि सकाळी गाडी बराच वेळ सेल्फ मागत असेल, तर पंपाचा चेक व्हॉल्व्ह, रेग्युलेटर किंवा एखादा गळता इंजेक्टर यांपैकी कोण दोषी आहे ते वेगळे काढावे लागते.

पंप खरोखरच मेला, असे ठरल्यावरही एक प्रश्न उरतो : का मेला? या मासिकाच्या मते आपल्याकडे सर्वांत कमी विचारला जाणारा प्रश्न हाच. टाकीतला पंप त्याच्यातून वाहणाऱ्या पेट्रोलानेच थंड राहतो. मुंबई-पुण्यातल्या सीएनजी गाड्यांत पेट्रोलची टाकी महिनोन्महिने रिझर्व्हवर असते, जुन्या पेट्रोलाचा चिकट थर जाळीवर बसतो आणि पंप उपाशी चालतो. इथेनॉल पाणी धरून ठेवते. हे पाणी मर्यादेबाहेर गेले की वेगळे होऊन टाकीच्या बुडाशी, म्हणजे नेमके पंपाच्या जाळीपाशी उतरते. टाकी साफ न करता, जाळी न बदलता बसवलेला पंप पुन्हा त्याच घाणीत उतरतो.

बदलण्याच्या कामात एक गोष्ट अजिबात चालवून घेऊ नये : खड्ड्यावर टाकी उघडणे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खड्ड्यात साचते आणि एका हँडलॅम्पची ठिणगी तिला पुरते. उघड्या, हवेशीर जागी, आधी लाइनचे प्रेशर उतरवून, बॅटरीची मायनस काढून, अग्निशामक हाताशी ठेवूनच काम सुरू व्हावे. झाकणाभोवतीची धूळ आधी पुसावी, लॉकरिंग छिन्नी-हातोडीने न ठोकता तिच्या टूलने फिरवावी, सील नवे घालावे, फ्लोटचा दांडा वाकू देऊ नये. सीट बसवण्याआधी गळती आणि प्रेशर पुन्हा तपासावे.

शेवटी चॅसिस नंबर. पंप कंपनीच्या चुकीनेही मरतात. जपानच्या डेन्सो कंपनीने बनवलेल्या काही पंपांतला प्लास्टिकचा इम्पेलर पेट्रोल शोषून फुगतो आणि अडकतो, असे निघाल्यावर टोयोटाने जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेत सुमारे ७ लाख गाड्या परत बोलावल्या आणि नंतर हा आकडा वाढवला. भारतात मारुती सुझुकीने जुलै २०२० मध्ये वॅगन आर आणि बलेनोच्या १,३४,८८५ गाड्या फ्युएल पंपासाठी बोलावल्या, तर मार्च २०२४ मध्ये याच दोन मॉडेलांच्या आणखी १६,०४१. होंडाने २०२४ च्या अखेरीस ९०,४६८ जुन्या गाड्यांचे पंप बदलण्याचे जाहीर केले, आणि ज्यांत तसाच पंप स्पेअर म्हणून नंतर बसवला होता अशा काही गाड्याही त्यात आल्या. हे काम अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये मोफत होते. कंपनीच्या वेबसाइटवर चॅसिस नंबर टाकला की गाडी यादीत आहे का ते कळते. कंपनीचा निरोप बहुधा पहिल्या मालकाच्या पत्त्यावर गेलेला असतो. दुसऱ्या-तिसऱ्या मालकाला तो कधीच पोहोचत नाही आणि असा मालक येतो ते थेट ओळखीच्या मेकॅनिककडे. पंपाची ऑर्डर देण्याआधी तो नंबर तपासून, गाडी यादीत असेल तर ग्राहकाला सर्व्हिस सेंटरची वाट दाखवावी आणि जॉबकार्डवर तशी नोंद करावी, मग त्या दिवशीचे काम हातचे गेले तरी.