स्पाची खोली घ्यायची का?



रविवारी सकाळी आमच्या रावपुऱ्याच्या घरात दोन गोष्टी ठरलेल्या असतात. बाबा कोपऱ्यावरून गरम फाफडा-जलेबी आणतात आणि सिएटलहून दादाचा व्हिडिओ कॉल येतो. तिकडे शनिवारची रात्र असते, त्यामुळे तो निवांत असतो आणि त्याला नवनवीन कल्पना सुचतात.

गेल्या वर्षी जानेवारीतल्या एका रविवारी त्यानं जाहीर केलं, "जूनमध्ये आई-बाबांच्या लग्नाला ४० वर्षं होतायत. तुम्ही सगळे इकडे या. सिएटलहून सात रात्रींची अलास्काची क्रूझ करू. आणि आई-बाबांसाठी मी स्पाची खोली घेतोय."

"स्पाची खोली म्हणजे? खोलीत मालीशवाला येणार का?" आईनं विचारलं.

दादानं स्क्रीनवर चित्रं दाखवली. गरम फरशीच्या आरामखुर्च्या, वाफेची खोली, काचेतून दिसणारा समुद्र. आई दोन मिनिटं बघत राहिली आणि म्हणाली, "गरम पाण्याला एवढे पैसे? उनाईच्या कुंडात फुकट मिळतं." आईचं माहेर नवसारीचं, त्यामुळे उनाई मातेचे गरम पाण्याचे झरे तिच्या हिशेबात पहिले येतात. बाबांनी लगेच सयाजीराव महाराजांना मध्ये आणलं. महाराज १८८७ मध्ये पहिल्यांदा युरोपला गेले ते प्रकृतीसाठीच, आणि बोटीनंच. तेव्हा बडोद्याच्या माणसानं तब्येतीसाठी समुद्रावर जायला हरकत नाही, असा त्यांचा निकाल.

मी मात्र एक्सेल उघडलं. कलाभवनातून बीई केलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार?

आधी ही खोली म्हणजे नेमकं काय ते सांगतो, कारण नावावरून फसायला होतं. आमची बोट सेलिब्रिटी कंपनीची होती. त्यांनी २००८ मध्ये 'सॉल्स्टिस' जहाजावर 'अ‍ॅक्वाक्लास' नावाच्या खोल्या सुरू केल्या. खोली साधारणपणे नेहमीच्या बाल्कनीच्या खोलीएवढीच. जास्तीचे पैसे असतात ते दोन गोष्टींचे. एक म्हणजे वाफेच्या खोल्या आणि गरम आरामखुर्च्या असलेल्या थर्मल विभागात प्रवासभर हवं तेव्हा प्रवेश. दुसरी म्हणजे 'ब्लू' नावाचं वेगळं, शांत, हलकं जेवण देणारं रेस्टॉरंट. मालीश, फेशियल वगैरे यात धरलेलं नसतं, त्याचे पैसे वेगळेच द्यावे लागतात. रोजची टिपही साध्या खोलीपेक्षा थोडी जास्त कापली जाते.

अशा खोल्या बऱ्याच कंपन्यांकडे आहेत. नॉर्वेजियनच्या स्पा खोल्यांना थर्मल विभागाचा प्रवेश मिळतो. २०२३ च्या अखेरीस मुंबईहून काही आठवडे 'कोस्टा सेरेना' ही इटालियन बोट धावली, तिच्यातल्या स्पाचं नाव 'समसारा'. म्हणजे आपला संसारच! आई म्हणाली, "चाळीस वर्षं केला, त्यात आराम कुठे असतो ते मला नाही सापडलं."

आता हिशेब. आमच्या तारखांना साध्या बाल्कनीच्या खोलीत आणि स्पाच्या खोलीत माणशी ३०० डॉलरचा फरक दिसत होता. दोघांचे ६००, म्हणजे आपले पन्नास हजारांच्या वर. बाबा वाफेच्या खोलीत जाणार नाहीत हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. "वडोदऱ्यात मे महिना काढलाय मी." राहिली आई. तिला रक्तदाबाची गोळी सुरू आहे आणि तीन वर्षांपूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, म्हणून डॉक्टरांना विचारलं. त्यांनी सांगितलं, वाफेत एका वेळी दहा-पंधरा मिनिटांच्या वर नको, आत-बाहेर करताना पाणी प्यायचं, एकटीनं जायचं नाही. दिवसातून दोनदा पंधरा मिनिटं, सात दिवस, म्हणजे जास्तीत जास्त साडेतीन तास. तासाला साडेचौदा हजार रुपये. मी तो आकडा लाल रंगात रंगवला आणि दादाला पाठवला.

त्याचा उत्तरादाखल फोनच आला. "पैसे मी देतोय ना? मग तू एक्सेल कशाला उघडतोस?"

मी म्हटलं, "अरे, दर जास्त आहे एवढंच सांगतोय."

थोडा वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, "तिच्या ऑपरेशनच्या वेळी मी नव्हतो. तू होतास. तुला हे नाही कळणार."

खरं होतं. त्या वेळी त्याचं व्हिसाचं स्टँपिंग अडकलेलं होतं. भारतात आला असता तर परत जायला कधी मिळालं असतं सांगता येत नव्हतं. आईनंच त्याला "येऊ नकोस" म्हणून बजावलं होतं. हॉस्पिटलात रात्री मी झोपत होतो, दिवसा माझी बायको असायची. तो रोज दोनदा फोन करायचा आणि प्रत्येक वेळी एकच विचारायचा, "दुखतंय का?" ते ६०० डॉलर कशाचे होते ते मला त्या फोनवर कळलं. मी लाल रंग काढून टाकला, पण आकडा ठेवला. कारण दादाला जे द्यायचं होतं ते या खोलीतून आईपर्यंत पोचतंय का, हा प्रश्न उरलाच होता.

आपल्यापैकी बऱ्याच घरांत असे दोन भाग झालेले आहेत. एक तिकडे, एक इकडे. तिकडच्याला मोठं काहीतरी करायचं असतं, इकडच्याला रोजचं माहीत असतं. दोघांनी एकमेकांचा हिशेब तपासायला घेतला की भांडण ठरलेलं. म्हणून मी सरळ आईपुढे सगळं मांडलं. खोली कशी, वाफ कशी, जेवण कुठे.

जेवणापाशी ती थांबली. "त्या ब्लू का काय, त्यात तुम्ही सगळे नसणार?"

नाही. ते अ‍ॅक्वाक्लासवाल्यांसाठी आणि वरच्या सूटमधल्या लोकांसाठी राखीव असतं. आम्ही एकूण आठ जण होतो. आई-बाबा, दादा-वहिनी, पुतण्या, आम्ही दोघं आणि आमची आठ वर्षांची लेक. तिन्ही खोल्या स्पाच्या घ्यायच्या म्हटलं तर खर्च तिप्पट, आणि लहान मुलांना थर्मल विभागात घेतच नाहीत. आई-बाबांनी आमच्याबरोबर मुख्य डायनिंग हॉलमध्ये जेवायला हरकत नव्हती, पण मग ज्याचे पैसे भरले त्यातला अर्धा भाग वापरायचाच नाही असं झालं असतं.

"एवढ्या लांब यायचं आणि आम्ही दोघांनी वेगळं जेवायचं?" आई म्हणाली. "त्यापेक्षा आठ जणांचं एक टेबल मिळतं का बघा."

तिथे निर्णय झाला. दादानंही मग वाद घातला नाही.

आम्ही तीन साध्या बाल्कनीच्या खोल्या घेतल्या, शेजारी-शेजारी, मधल्या भागात, लिफ्टजवळ. जहाज पुढे-मागे झुलतं तेव्हा मधल्या भागाला आणि खालच्या मजल्यांना हालचाल कमी जाणवते. स्पाच्या खोल्या बहुतेक वेळा वरच्या मजल्यांवर असतात, कारण स्पा वर असतो. ज्यांना बोट लागते त्यांनी हे लक्षात ठेवावं. लिफ्ट जवळ असणं हा आईच्या गुडघ्यासाठी वाफेपेक्षा मोठा आराम ठरला, कारण या जहाजांचे कॉरिडॉर आपल्या दांडिया बाजारासारखे संपता संपत नाहीत.

एक खर्च मात्र आमच्या लक्षात उशिरा आला. बोट सिएटलहून निघून सिएटललाच परत येते, त्यामुळे अमेरिकेचा व्हिसा पुरेल असं वाटलं होतं. पण वाटेत ती कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबते. अमेरिकेचा १८८६ चा एक कायदा आहे. त्यामुळे परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकेतून निघून अमेरिकेतच परतायचं असेल तर मध्ये परदेशी बंदर घ्यावं लागतं. म्हणून आपल्या पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा लागतो. माणशी १०० कॅनेडियन डॉलर आणि बायोमेट्रिकचे ८५. अपग्रेडचा विचार करण्याआधी हे भरून टाका आणि वेळ हाताशी ठेवून भरा. प्रवासाचा विमाही तसाच. ज्येष्ठांसाठी तो चांगला घ्या, मग उरलेल्या पैशांतून वाफ.

वाचलेल्या पैशांचं काय केलं? स्कॅगवेला 'व्हाइट पास' नावाची आगगाडी आहे. सोन्याच्या शोधात लोक क्लोंडाइककडे धावत होते तेव्हा, १८९८ ते १९०० या काळात ती बांधली. वीस मैलांत ती जवळजवळ ३,००० फूट चढते. गाडी बोटीच्या धक्क्याजवळच येते, बसल्या जागी डोंगर, धबधबे, दऱ्या सगळं दिसतं. गुडघ्याला एका पायरीपलीकडे काही त्रास नाही. आमचे बाबा प्रतापनगरच्या रेल्वे ऑफिसातून निवृत्त झालेले. रूळ बघताच त्यांनी वाकून अंदाज घेतला, "तीन फुटी. आपली अडीच फुटी." मग शेजारच्या अमेरिकन जोडप्याला त्यांनी डभोई-मियागाम लाइनची गोष्ट सांगितली. १८६२ मध्ये गायकवाडांनी ती सुरू केली तेव्हा गाडी बैल ओढायचे. ते जोडपं फार सभ्य होतं, शिखर येईपर्यंत ऐकत होतं.

जेवायला आठ जणांचं टेबल मिळालं. शाकाहारी जेवणाचं आधी कळवलं होतं, त्यामुळे रोज एखादी भारतीय भाजी-डाळ असायची. तिसऱ्या दिवशी आईनं सीलबंद भाकरवडी पर्समधून काढली आणि वेटरलाही दिली. ब्लूमधलं जेवण कसं असतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

आता माझी चूक सांगतो. थर्मल विभागाचे वेगळे पासही मिळतात, पूर्ण प्रवासाचे, आणि आमच्या बोटीवर चौकशी केल्यावर एका दिवसाचेही मिळाले. केचिकान, जूनो, स्कॅगवे या बंदरांच्या दिवशी माणूस बाहेरच असतो. वाफ लागते ती समुद्रातल्या दिवशी. आमच्याकडे असे पूर्ण दिवस दोनच होते. शेवटच्या समुद्रदिवशी आम्ही आईसाठी एक पास घेतला, आणि तिनं एकटीनं जायचं नाही म्हणून एक दादासाठी. मी पंधरा-पंधरा मिनिटं मोजली होती ती वाफेच्या खोलीसाठी. पण त्या गरम फरशीच्या आरामखुर्च्या फक्त कोमट असतात. त्यांच्यावर कितीही वेळ पडून राहता येतं, आणि आईला त्याच सगळ्यात आवडल्या. ती सकाळी दहाला गेली ती जेवायलाच बाहेर आली. माझा साडेचौदा हजारांचा आकडा तिथेच चुकला. गुडघा मोकळा वाटतोय म्हणाली. दुसऱ्या दिवशी उतरायचं होतं.

तेव्हा तुमच्या घरी असा प्रश्न आला तर माझं मत असं. दोघंच जात असाल, प्रवासात समुद्रातले दिवस जास्त असतील, दोघांनाही वाफेची आवड असेल आणि शांत जेवण हवं असेल, तर स्पाची खोली जरूर घ्या, पैसे वसूल होतात. तीन पिढ्या मिळून जात असाल तर साधी खोली घ्या, लिफ्टजवळची घ्या, आणि ज्याला हवं त्याच्यासाठी पास घ्या. फक्त माझ्यासारखी शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. पहिल्याच दिवशी स्पात जाऊन विचारा, पास मोजकेच असतात. आणि ज्याच्यासाठी घेताय त्याला आधी विचारा.

परत आल्यावर एका दुपारी आई भाजी निवडत बसली होती. मी तिला विचारलं, "तू आणि दादा त्या दिवशी तीन तास आत होतात. काय बोललात एवढं?"

"काही नाही," ती म्हणाली. "तो झोपला होता. मी बघत बसले."