संगणकाचे टपाल आणि आपला शिक्का



गेल्या पंधरवड्यात एका गावी शिवारफेरीला गेलो होतो. तिथल्या एका पदवीधर मुलाने विहिरीजवळच्या खोलीत लहानसा संगणक बसवला आहे. जमिनीतील ओल मोजणारे यंत्र व मोटार त्याला जोडली आहे. शहरात असला की तो मोबाईलवर कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारतो, "डाळिंबाला ओल किती?" उत्तर लगेच येते. त्याचे वडील मला म्हणाले, "साहेब, दुसरंच कुणी आमची मोटार चालू करणार नाही ना?" प्रश्न लाखमोलाचा आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेने अशा साधनांशी कसे बोलावे, याची खुली पद्धत अँथ्रॉपिक कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केली. तिचे नाव 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल'. हे निरोप 'नॉस्टर' या जाळ्यावरूनही पाठवता येतात. या जाळ्याला एक मुख्य कचेरी नाही. 'रिले' नावाची अनेक टपालनाकी आहेत. निरोप दोन-तीन नाक्यांवर टाकला, तर एक बंद पडले तरी काम अडत नाही. घरचा संगणक स्वतःच नाक्याशी जोडून राहतो. त्यासाठी घराचे दार बाहेरच्यांना उघडावे लागत नाही.

मग निरोप कोणाचा हे कसे ओळखायचे? प्रत्येकाजवळ दोन किल्ल्या असतात. उघडी किल्ली म्हणजे आपले नाव. ती कोणालाही द्यावी. गुप्त किल्ली म्हणजे आपला शिक्का. प्रत्येक निरोपावर तो उमटतो.

म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवा.

१) गुप्त किल्ली कोणालाही देऊ नका. हरवली तर नवी काढून देणारी कचेरी नाही. चोरीला गेली तर चोर तुमच्या नावाने हुकूम सोडील.

२) साधा निरोप पोस्टकार्डासारखा असतो, नाक्यावर कोणीही वाचील. तो कुलूपबंद करून पाठवा.

३) मोटारीच्या संगणकाला फक्त घरच्यांच्या किल्ल्या ओळखू द्या.

४) ओल विचारण्याची मोकळीक ठेवा, मोटार चालू करण्यापूर्वी मात्र घरच्या माणसाचा होकार घ्यावा, अशी व्यवस्था करा.

आणखी एक. शिक्का खरा म्हणजे निरोप कोणाचा, एवढेच कळते. सल्ला बरोबर आहे, असे त्यावरून ठरत नाही. त्या बापलेकांना मी हेच सांगितले: यंत्राने ओल सांगितली, तरी मूठभर माती हातात घेऊन पाहा आणि मगच पाणी सोडा.