चहलला दीड महिना, ताईला सहा महिने काऊन?

मार्च २०२५ मधले रील्स आठवतात? युजवेंद्र चहल आणि धनश्री वर्मा यांनी ५ फेब्रुवारीला वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात परस्पर संमतीनं घटस्फोटाचा अर्ज केला आणि २० मार्चला तो मिळालासुद्धा! तुमच्या गोंदियातल्या ताईला मात्र वकील म्हणतात, ‘सहा महिने थांबा.’ सेलिब्रिटींचा कायदा वेगळा का?

नाही. हिंदू विवाह कायद्याचं कलम १३-ब दोघींनाही तेच. किमान वर्षभर वेगळं राहायचं, मग दोघांनी मिळून अर्ज द्यायचा. पुढचे सहा महिने फेरविचाराचे. ते कंटाळवाणे वाटतात खरे, पण दबावाखाली सही केली असेल, तर याच काळात संमती मागे घेता येते.

२०१७ मध्ये अमरदीप सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की हे सहा महिने माफ होऊ शकतात. दीड वर्ष वेगळं राहणं झालेलं, समेट फसलेला, पोटगी आणि मुलांचं ठरलेलं हवं. चहल-धनश्री जून २०२२ पासून वेगळे होते. तरी कुटुंब न्यायालयानं आधी नकारच दिला, कारण ठरलेल्या ४.७५ कोटींपैकी २.३७ कोटीच दिले होते. उरलेले घटस्फोटानंतर द्यायचं ठरलंय, म्हणून हायकोर्टानं माफी दिली. दुसऱ्याच दिवशी निकाल लावा, हे मात्र आयपीएलमुळे. तेवढी घाई ताईसाठी कोणी करणार नाही.

पण माफी मागावी लागते, आपोआप मिळत नाही. ताई माहेरी राहत असेल, तर अर्ज गोंदिया जिल्ह्यातच करता येतो. वकिलांना एवढंच विचारा, ‘माफीचा अर्ज जोडला का?’