प्रत्येक विद्यार्थ्याचे स्वतःचे संकेतस्थळ हवे

पदवीच्या शेवटच्या वर्षाला विद्यार्थी प्रकल्पाची फाइल करतो. विषय ठरतो, माहिती जमवली जाते, स्पायरल बाइंडिंग होते, मार्गदर्शकांची सही होते, तोंडी परीक्षेत चार प्रश्न विचारले जातात आणि फाइल विभागाच्या कपाटात जाते. ती पुन्हा सहसा कोणी उघडत नाही. विषय हिमरूच्या विणकामाचा असो, मलिक अंबरने बांधलेल्या नहरींचा असो की वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतील कंत्राटी कामगारांचा, मेहनतीने गोळा केलेला मजकूर गुण मिळताच संपतो. छत्रपती संभाजीनगरसारख्या विद्यापीठाच्या शहरात हे दरवर्षी घडते आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. माझा प्रस्ताव साधा आहे. पदवीच्या पहिल्याच वर्षी, मग शाखा कोणतीही असो, प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने तीन-चार पानांचे संकेतस्थळ तयार करावे, ते मराठीत किंवा आपल्या मातृभाषेत असावे, आणि पुढच्या वर्षांतले आपले काम त्यावर ठेवत जावे. महाविद्यालयाने त्याला प्रकल्पाचा दर्जा द्यावा. हा छंद किंवा दिखावा नव्हे. लिहितावाचता येण्याचाच तो आजचा पुढचा टप्पा आहे.

‘संकेतस्थळ’ म्हटले की अनेकांच्या डोळ्यांसमोर कंपनीचे भपकेदार पोर्टल आणि लाखभर रुपयांचे बिल येते. प्रत्यक्षात वेबपान म्हणजे साध्या मजकुराची एक फाइल असते. संगणकावर नोटपॅड उघडावे, टोकदार कंसात मथळ्याची खूण करून आपले नाव लिहावे, परिच्छेदाची खूण करून खाली चार ओळी लिहाव्यात, फाइलच्या नावापुढे टिंब देऊन ‘एचटीएमएल’ जोडावे आणि ती ब्राउझरमध्ये उघडावी, पान तयार. या पानाच्या डोक्याशी तीन ओळी मात्र न विसरता लिहायच्या असतात. पहिली भाषा सांगते : ‘एमआर’, म्हणजे मराठी. दुसरी लिपीचे संकेतन सांगते : ‘यूटीएफ-८’. ती नसली तर ब्राउझर अंदाजाने वाचतो, तो अंदाज चुकला की काना-मात्रांसकट सगळ्या मजकुराचा चिखल होतो. तिसरी ओळ मोबाइलच्या पडद्याची रुंदी धरायला सांगते. ती नसेल तर फोनवर अक्षरे मुंगीएवढी दिसतात. भाषेची ओळ किरकोळ वाटते, पण फॉण्टमध्ये मराठी वळणाची सोय असेल तर ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे हिंदी वळणाऐवजी आपल्या वळणाची उमटतात ती तिच्यामुळेच. एवढे शिकायला संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. शिकवणारा बरा असेल तर दोन दुपारी पुरतात.

इतका साधा मार्ग मी का सुचवतो, याचे पहिले कारण टिकाऊपणा. टिम बर्नर्स-ली यांनी 1989 मध्ये स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली आणि 30 एप्रिल 1993 रोजी सर्नने हे तंत्रज्ञान सर्वांसाठी खुले केले. जगातले पहिले संकेतस्थळ सर्नने 2013 मध्ये त्याच्या मूळ पत्त्यावर पुन्हा उभे केले. ते आजच्या स्वस्तातल्या मोबाइलवरही नीट उघडते, कारण त्यात मजकूर आणि दुवे यांपलीकडे काही नाही. उलट ज्या सोयींवर लोक डोळे मिटून विसंबले त्यांचे काय झाले ते पाहा. लाखो लोकांची घरगुती पाने ज्यावर होती ते जिओसिटीज याहूने 2009 मध्ये बंद केले. एका पिढीने आपली मैत्री आणि आपले लेखन ज्यावर मांडले ते ऑर्कुट 30 सप्टेंबर 2014 रोजी मिटले. चकचकीत संकेतस्थळांचा प्राण असलेले फ्लॅश 2020 च्या अखेरीस संपले. 29 जून 2020 रोजी सरकारने टिकटॉकसह 59 ॲपवर बंदी घातली. तो निर्णय योग्य की अयोग्य हा वेगळा विषय. पण त्या ॲपवर नाव कमावलेल्या खेड्यापाड्यांतल्या कलाकारांचा सगळा प्रेक्षकवर्ग एका रात्रीत गेला, आणि त्यांच्या हाती स्वतःचा असा पत्ता नव्हता. समाजमाध्यमांवर आपण बटईने शेती करतो. घाम आपला, सातबारा दुसऱ्याचा.

दुसरे कारण मराठीचे आहे. 2011 च्या जनगणनेनुसार देशात मराठी मातृभाषा असणारे 8 कोटी 30 लाख लोक आहेत. 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. मात्र जगातल्या संकेतस्थळांची भाषावार मोजणी होते तेव्हा मराठीचा वाटा एक टक्क्याच्या दशांशालाही पोचत नाही. मराठी माणूस लिहीत नाही असे मुळीच नाही. तो सकाळपासून रात्रीपर्यंत लिहितो. पण ते लेखन व्हॉट्सॲपच्या गटांत, चित्रावर छापलेल्या अक्षरांत आणि रीलखालच्या चार ओळींत जाते. ते शोधता येत नाही, उद्धृत करता येत नाही, पाच वर्षांनी सापडत नाही. याची किंमत आपण आधीही मोजली आहे. युनिकोड रुळण्याआधी मराठी संकेतस्थळे आपापले वेगळे फॉण्ट वापरत. तो फॉण्ट संगणकावर नसेल तर पान वाचताच येत नसे, आणि त्या काळातला कितीतरी मजकूर आज केवळ इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन ढीग होऊन पडला आहे. आता तंत्राची अडचण उरलेली नाही. फोनमध्ये मराठी कळफलक आहे, मुक्तासारखे सुबक देवनागरी फॉण्ट विनामूल्य आहेत, 2014 पासून पत्त्याच्या शेवटी ‘.भारत’सुद्धा लिहिता येते. कमी आहे ती मराठीत खुला, शोधता येणारा मजकूर मांडण्याच्या सवयीची.

ही सवय या शहराला नवी नाही. साठच्या दशकात मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात लिहू लागलेल्या पिढीने प्रस्थापित नियतकालिके आपल्याला जागा देतील म्हणून वाट पाहिली नाही. डॉ. गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ काढले आणि दलित साहित्याला हक्काचे व्यासपीठ दिले. तुटपुंज्या साधनांवर चाललेल्या त्या त्रैमासिकातून लिहिते झालेल्यांनी मराठी साहित्याचा तोंडवळा बदलला. तेव्हा कागद, छपाई आणि टपाल यांचा खर्च होता. आज तो अडसर जवळपास नाहीसा झालेला असताना आपल्या मुलांकडे स्वतःचे म्हणावे असे एकही पान नसावे, हे खटकते. शहरात हे काम करायला विषयांचा तुटवडा नाही. वेरूळ-अजिंठ्याला आलेला पर्यटक मोठमोठ्या प्रवासी कंपन्यांच्या यादीतून वाटाड्या निवडतो, कारण स्थानिक वाटाड्याचे स्वतःचे पान नसते. विणकराचा नमुना व्यापाऱ्याच्या नावाने विकला जातो, कारण विणकराचे नाव कुठे लिहिलेले नसते. 2023 मध्ये शहराचे ‘औरंगाबाद’ हे नाव अधिकृतपणे बदलले. आजही कोणी जुन्या नावाने शोधतो, कोणी नव्या, आणि जुन्या नावाने शोधणाऱ्याला बिहारमधला त्याच नावाचा जिल्हाही समोर दिसतो. स्वतःचे पान असणारा माणूस दोन्ही नावे आणि ‘मराठवाडा, महाराष्ट्र’ एवढे एका ओळीत लिहून हा घोळ मिटवू शकतो. आणि हे सारे फक्त मराठीपुरते नाही. कवी सिराज औरंगाबादींच्या या गावात उर्दूत लिहिणारा विद्यार्थीही आहे. पानाला ‘उजवीकडून डावीकडे’ अशी एक सूचना दिली की त्याची लिपीही नीट बसते.

या प्रस्तावावर पहिला आक्षेप येईल तो असा : ‘या पानावर येणार कोण? लोक तर इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवर आहेत.’ आक्षेपात तथ्य आहे. नव्या पानाला गर्दी मिळत नाही, अनेकदा वर्षभर कोणी फिरकतही नाही. पण गर्दी हे सगळ्या लेखनाचे माप नव्हे. विद्यार्थ्याचे पान नोकरी देणाऱ्या एकाने, पुढच्या शिक्षणासाठी निवड करणाऱ्या एका प्राध्यापकाने, त्याच विषयावर काम करणाऱ्या दुसऱ्या गावच्या एका मुलीने वाचले तरी त्याचे सार्थक झाले. शिवाय हे ‘एक किंवा दुसरे’ असे नाहीच. समाजमाध्यमावर खुशाल बोलावे, तिथून लोकांना आपल्या पानावर आणावे. मूळ प्रत मात्र आपल्याकडे असावी. 4 ऑक्टोबर 2021 रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप तिन्ही एकाच वेळी जवळपास सहा तास बंद पडले, तेव्हा ज्यांचा सगळा व्यवहार त्यांच्यावर होता त्यांना ग्राहकांपर्यंत पोचायला दुसरी वाटच उरली नाही.

दुसरा आक्षेप तंत्राचा : ‘तयार साचे आहेत, कृत्रिम बुद्धिमत्ता एका आज्ञेवर संकेतस्थळ करून देते, मग या खुणा पाठ कशाला करायच्या?’ उत्तर असे की यंत्राची मदत जरूर घ्यावी, पण पहिले पान हाताने लिहून झाल्यावर. ज्याला स्वतःच्या पानातल्या ओळी वाचता येत नाहीत त्याला त्यातली चूक दिसत नाही. पान दुसरीकडे हलवता येत नाही आणि साचा पुरवणाऱ्याने दर वाढवले की मुकाट्याने पैसे भरावे लागतात. आपल्या राज्यात एमएस-सीआयटीच्या अभ्यासक्रमाने लाखो लोकांना संगणक हाताळायला शिकवले आणि ते मोठे काम आहे. त्यातून आपण दुसऱ्यांनी केलेले सॉफ्टवेअर वापरायला शिकलो. पत्ता म्हणजे काय, फाइल कुठे राहते, दुवा कसा जोडला जातो, खोटे पान कसे ओळखावे, हे कळायला मात्र एकदा तरी स्वतः पान घडवावे लागते. बँकेच्या नावाने आलेल्या फसव्या दुव्यावर बोट ठेवण्याआधी पत्ता उलगडून वाचण्याची सवय अशानेच लागते.

तिसरा आक्षेप खर्चाचा आणि देखभालीचा. त्याचे उत्तर आकड्यांत देता येते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात. म्हणजे या लेखाएवढा मजकूर साधारण 30 किलोबाइटचा, मोबाइलने काढलेल्या एका छायाचित्राच्या शतांशाच्या आसपास. गिटहब पेजेससारखी सेवा अशा साध्या संकेतस्थळाला 1 गिगाबाइटपर्यंत जागा फुकट देते. त्यात असे तीस हजार लेख मावतील. स्वतःच्या नावाचे ‘.इन’ डोमेन घ्यायचे तर वर्षाला हजार रुपयांच्या आतबाहेर खर्च येतो, आणि सुरुवातीला तेही सक्तीचे नाही. लॅपटॉप सगळ्यांकडे नसतो हे खरे, म्हणूनच मी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेचा आग्रह धरतो. डोमेनही कायमचे आपले नसते, दरवर्षी नूतनीकरण करावे लागते, हेही मान्य. प्यू रिसर्च सेंटरच्या 2024 च्या अभ्यासात 2013 मधल्या वेबपानांपैकी 38 टक्के पाने दहा वर्षांनी सापडेनाशी झाली होती. वैयक्तिक संकेतस्थळही मरू शकते. फरक इतकाच, की फाइली आपल्या हाती असतात. पेन ड्राइव्हवर प्रत ठेवली तर एक सेवा बंद पडल्यावर तोच मजकूर, तसाच्या तसा, तासाभरात दुसरीकडे उभा करता येतो. ऑर्कुटवरच्या पानाचे असे करता येत नव्हते.

सर्वांत गंभीर आक्षेप सुरक्षिततेचा आहे आणि तो पालक, विशेषतः मुलींचे पालक, घेतील. त्याला हसण्यावारी नेऊ नये. वैयक्तिक संकेतस्थळ म्हणजे खासगी आयुष्य उघड्यावर मांडणे नव्हे. घरचा पत्ता, फोन नंबर, जन्मतारीख, कुटुंबाची छायाचित्रे यांतले काहीही त्यावर नको. नाव आणि काम पुरे. हवे तर टोपणनावाने लिहावे. पान साधे असेल तर त्यावर अनोळखी माणसाला संदेश टाकण्याची सोयच नसते, मग पाठलाग आणि शेरेबाजी यांना वावही कमी राहतो. काय दाखवायचे आणि काय झाकायचे हे इथे मुलगी स्वतः ठरवते. समाजमाध्यमावर तो निर्णय बराचसा कंपनी घेते. हा विवेक शिकवणे हाच या प्रकल्पाचा अर्धा अभ्यासक्रम असायला हवा.

हे सगळे करायला नवा कायदा, नवी योजना किंवा मोठे अनुदान लागत नाही. नव्या शैक्षणिक धोरणात कौशल्याधारित अभ्यासक्रमांना जागा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाने आणि शहरातल्या महाविद्यालयांनी त्यातले दोन श्रेयांक याला द्यावेत. मूल्यमापन सजावटीवर करू नये. मजकूर स्वतःचा आहे का, शुद्ध आहे का, माहितीचा आधार दिला आहे का, पान साध्या फोनवर उघडते का, एवढे चार निकष पुरेत. ग्रंथालयांनी आपल्या विद्यार्थ्यांच्या पानांची सूची ठेवावी आणि दरवर्षी एक प्रत जतन करावी, म्हणजे कपाटात कुजणारे काम उद्याच्या अभ्यासकाला सापडेल. इतिहास शिकणाऱ्याने आपल्या गल्लीतल्या दरवाजावर लिहावे, रसायनशास्त्र शिकणाऱ्याने नळाच्या पाण्यावर, शेतकऱ्याच्या मुलाने कापसावर आणि मोसंबीवर. पुढची पिढी मराठवाड्याबद्दल मराठीत काही शोधेल तेव्हा तिला आपल्याच माणसांनी लिहिलेले सापडावे अशी इच्छा असेल, तर प्राचार्यांनी आदेशाची वाट पाहू नये. येत्या सत्रात एका वर्गापासून सुरुवात करावी.