आधी निदान, मग दुरुस्ती

वीस-बावीस वर्षांपूर्वी मोठ्या हौसेने घेतलेली उंची लाऊडस्पीकरांची जोडी एका व्यापारी कुटुंबाच्या दिवाणखान्यात होती. दुकान वाढवून आल्यावर वडील तिच्यावर नाट्यसंगीत ऐकत. त्यांच्या पश्चात एके दिवशी डाव्या पेटीतून घरघर येऊ लागली. ‘जुना माल, बदलून टाका,’ असे विक्रेत्याने सांगितले. मुलगा तयार झाला. आईचे मन मात्र तयार होईना.

तेरीज जमली नाही म्हणून कोणी खतावणी फेकून देत नाही. चूक कोणत्या खात्यात आहे, ते आधी शोधले जाते. येथेही तोच मार्ग उपयोगी पडला. मुलाने अॅम्प्लिफायर बंद करून दोन्ही पेट्यांच्या तारांची अदलाबदल केली. घरघर उजवीकडे गेली असती, तर दोष अॅम्प्लिफायरचा किंवा तारेचा ठरला असता. ती डावीकडेच राहिली. म्हणजे दोष पेटीतच होता.

जाळी काढताच कारण दिसले. वूफरच्या कागदी शंकूभोवतीचा फोमचा पट्टा हात लावताच भुगा होऊन गळत होता. हवेतील दमटपणामुळे असा फोम न वापरताही कालांतराने कुजतो. आधार सुटला की शंकू मध्यातून ढळतो आणि त्याची तारगुंडाळी लोहचुंबकाच्या फटीत घासू लागते. मल्टीमीटर लावला, तेव्हा आठ ओहमच्या वूफरने सुमारे सहा ओहम दाखवले. हे योग्यच होते. गुंडाळी शाबूत होती. ती तुटली असती, तर काटा हललाच नसता.

जाणत्या कारागिराने जुना फोम खरवडला, शंकू नेमका मध्यावर आणून नवा पट्टा चिकटवला आणि दिवसभर वाळू दिला. उजवी पेटी वाजत असली, तरी तिचाही पट्टा त्याच वयाचा होता, तोही बदलला. एकूण खर्च नव्या जोडीच्या किमतीपुढे किरकोळ ठरला. जाताना कारागिराने एकच सूचना केली : आवाज फाटू लागताच तो कमी करावा, अन्यथा बारीक स्वरांचा ट्वीटर जळतो.

त्या सायंकाळी मुलाने दुकान थोडे लवकर वाढवले. वडिलांच्या आवडीचे पद लागले, तेव्हा स्वयंपाकघरातील भांड्यांचा आवाज थांबला. आई दारात येऊन उभी होती.