व्यसनमुक्ती केंद्राचे साधारण खाते

पर्युषण पर्वात जीवदयेची टीप फिरू लागली की आकडे भराभर चढतात. पांजरपोळातील चाऱ्यासाठी कोणाला फार बोलावे लागत नाही. त्याच पेढीवर व्यसनमुक्ती केंद्रासाठी निधी मागणारा कार्यकर्ता गेला, तर पहिला प्रश्न ठरलेला असतो: ज्याने आपल्या हाताने प्याला उचलला, त्याच्यासाठी आम्ही का द्यावे? सप्त व्यसनांचा त्याग बालपणापासून ऐकत आलेल्या घरात असा प्रश्न निघणे स्वाभाविक आहे. मुके जनावर निरपराध आणि व्यसनी माणूस अपराधी, अशी आपली सरळ विभागणी असते.

दिल्लीच्या एम्सने केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेले देशव्यापी सर्वेक्षण 2019 साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार सुमारे 16 कोटी भारतीय मद्यपान करतात आणि त्यांपैकी 5.7 कोटींना त्यासाठी मदतीची आवश्यकता आहे. मद्याच्या पूर्ण आहारी गेलेल्या 38 जणांमागे एकालाच कोणता ना कोणता उपचार लाभतो. दाखल होऊन उपचार घेणारा 180 मध्ये एक. निधीचा अर्ज लिहिणारा या आकड्यांपासून आरंभ करतो खरा, पण देशाचा आकडा दात्याच्या अंतःकरणाला क्वचितच भिडतो. गेल्या वर्षी आपल्या तालुक्यातून किती जण केंद्राच्या दाराशी आले, किती जणांना खाट नाही म्हणून परत पाठवावे लागले, हे नोंदवहीतून दाखवावे लागते. ज्या केंद्रात नोंदवही नीट नाही, तेथे उत्तम लेखणीचाही काही उपयोग होत नाही.

पुण्याच्या मुक्तांगणचा आरंभ या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. डॉ. अनिल अवचट यांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलेले लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले. पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानाने एक लाख रुपये दिले आणि 1986 साली येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात केंद्र सुरू झाले, डॉ. अनिता अवचट यांनी ते नावारूपाला आणले. माझ्या मते ते लेख हाच त्या केंद्राचा पहिला निधी-अर्ज होता, कोणी मागितला नसताना लिहिलेला. मात्र देणगीने दार उघडते. ते दार पुढे दररोज उघडे ठेवण्याचा खर्च निराळाच असतो.

हे आपल्या समाजाला समजावून सांगण्याची गरज नसावी. मूर्तिपूजक परंपरेतील प्रत्येक विश्वस्ताला ठाऊक आहे की देवद्रव्य अन्य कामाकडे वळवता येत नाही. स्वप्नांच्या बोलीत लाखोंचा चढावा होतो, शिखरासाठी रक्कम जमते. पण पुजाऱ्याचे वेतन, झाडलोट, विजेचे देयक ज्यातून भागवायचे ते साधारण खाते वर्षानुवर्षे तुटीत चालते. व्यसनमुक्ती केंद्राची अवस्था हुबेहूब अशीच आहे. इमारतीच्या कोनशिलेसाठी दाता मिळतो. रुग्णवाहिकेच्या दारावर नाव घालायला मिळतो. समुपदेशकाच्या वेतनावर मात्र कोणाचेच नाव कोरता येत नाही. आणि व्यसन सुटते ते समुपदेशकाच्या समोर, आठवड्यामागून आठवडे बसून. पहिल्या काही दिवसांत औषधाने शरीरातील विष उतरते; त्यानंतरचे काम माणसाने माणसावर करावयाचे असते. निधीचा अर्ज लिहिणाऱ्याचे खरे कसब हे साधारण खाते दात्याच्या दृष्टीस आणण्यात आहे.

शासकीय अनुदानाची वाट वेगळी. केंद्र शासनाच्या योजनेतून नोंदणीकृत संस्थांना निवासी केंद्र चालविण्यासाठी साहाय्य मिळते. त्यासाठी दर्पण संकेतस्थळावरील नोंदणी, लेखापरीक्षित ताळेबंद आणि मागील अनुदानाचे विनियोग प्रमाणपत्र लागते. कागदात एक त्रुटी राहिली की हप्ता लांबतो. स्वयंपाकघरातील चूल मात्र लांबणीवर टाकता येत नाही. ही मधली पोकळी भरून काढण्यासाठी काही महिन्यांच्या खर्चाचा राखीव निधी हवा, आणि व्यापारी दात्याइतके हे दुसऱ्या कोणाला कळणार? उधारीवर माल देऊन वसुलीची वाट पाहणे हा त्याचा नित्याचा व्यवहार आहे.

कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाचा निधी हाही एक मार्ग आहे. परंतु 2013 च्या कंपनी कायद्यातील दोन टक्क्यांचे बंधन पाच कोटींचा निव्वळ नफा किंवा त्याहून मोठ्या मर्यादा गाठणाऱ्या कंपन्यांनाच लागू होते. आपल्या बहुतेक पेढ्या मालकीच्या वा भागीदारीच्या. त्यांचे दान सर्वस्वी स्वेच्छेचे. जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट: दोन हजारांपेक्षा अधिक रक्कम रोख दिली, तर तिच्यावर 80 जी ची सवलत मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत ती मुळातच नाही. म्हणजे दानाचे कारण आता दानच उरले आहे. मला हे वाईट वाटत नाही.

सर्वांत अवघड ठिकाण पुढे येते. दात्याला यशोगाथा हवी असते, छायाचित्रासह. पूर्वी मी असा होतो, आता असा आहे, असे सांगणारा एखादा चेहरा वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर असला की निधी सुलभ होतो, हे खरे. पण त्या चेहऱ्याला घर असते, दुकान असते, लग्नाची बहीण असते. गावच्या बाजारपेठेत पतीचे नाव उघड होऊ नये म्हणून वर्षानुवर्षे कोणाकडेही मदत न मागणाऱ्या श्राविका आपल्याही समाजात आहेत. छायाचित्राच्या भीतीने त्यांनी केंद्राची पायरीच चढली नाही, तर त्या अहवालाने निधी आणून काय साधले? सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत आचार्य समंतभद्रांनी उपगूहन आणि स्थितिकरण यांना लागोपाठ स्थान दिले आहे: दुसऱ्याचा दोष झाकणे आणि ढळलेल्याला पुन्हा मार्गावर स्थिर करणे. उपगूहनाचे उदाहरण म्हणून त्यांनी नाव घेतले ते जिनेंद्रभक्त श्रेष्ठींचे, म्हणजे एका व्यापाऱ्याचेच.

तेव्हा यशाचे प्रमाण विचारणाऱ्या दात्याला प्रामाणिक केंद्र शंभर टक्क्यांचे आश्वासन देत नाही. व्यसन हा पुन्हा उलटू शकणारा आजार आहे. मधुमेहाच्या रुग्णाची साखर पुन्हा वाढली म्हणून आपण दवाखान्याची देणगी थांबवीत नाही. दात्याने विचारावयाचे ते हे: उपचारानंतर वर्षभर किती जणांशी संपर्क राहिला, किती जण घसरल्यावर परत आले, पत्नी व मुलांसाठी काय केले जाते. याची उत्तरे नावे न घेता, आकड्यांत देता येतात. ती देणारे केंद्र विश्वासपात्र समजावे.

चातुर्मासाच्या आरंभी अनेक संघांत वर्षाच्या खर्चाची आखणी होते. त्या बैठकीत जवळच्या एखाद्या केंद्राच्या संचालकांना निमंत्रण द्यावे, त्यांचा ताळेबंद मागावा, आपल्या संघातील सनदी लेखापालाकडून तो पाहून घ्यावा आणि एका समुपदेशकाचे वेतन तीन वर्षांसाठी उचलावे. पाटी लावू नये. पावती मात्र अवश्य घ्यावी.