ऐरणीवरचा रविवार

आपल्या वर्तमानपत्रांत रोज कोणता ना कोणता प्रश्न 'ऐरणीवर' आलेला असतो. कधी पाण्याचा, कधी वाहतुकीचा. पण खरी ऐरण पुण्यातल्या किती घरांनी जवळून पाहिली असेल, हा विचार माझ्या मनात आला तो गेल्या दिवाळीत. इंजिनिअरिंगला असलेला माझा पुतण्या फराळाची ताटली हातात धरून म्हणाला, "काका, मला ऐरण घ्यायची आहे. सुरी घडवणार आहे मी." अमेरिकेत २०१५ मध्ये 'फोर्ज्ड इन फायर' नावाची सुऱ्या-तलवारी घडवण्याची दूरचित्रवाणी स्पर्धा सुरू झाली. तिचे तुकडे मोबाइलवर पाहून त्याने हे मनावर घेतले होते.

वहिनींच्या हातातला झारा तसाच राहिला. त्यांचेही चूक नव्हते. गेल्या काही वर्षांत पुण्यात 'कोयता' हा शब्द उसाच्या फडातून उठून गुन्हेगारीच्या पानावर जाऊन बसला आहे. २०२३ च्या सुरुवातीला तर कोयते विकणाऱ्यांनी गिऱ्हाइकाच्या ओळखपत्राची नोंद ठेवावी, असे पोलिसांनी सांगितले होते. अशा शहरात आपला मुलगा पाती घडवणार म्हटल्यावर कोणत्या आईला घोर लागणार नाही? मी स्वतः बरीच वर्षे सुट्टीच्या दिवशी लोखंड बडवतो आहे, म्हणून प्रकरण माझ्याकडे आले.

माझे मत मी तेव्हाच दिले. छंद उत्तम आहे. तो ऐरणीपासून सुरू करावा आणि शिकण्यासाठी रस्त्यावर जावे.

नवशिक्याची पहिली चूक ऐरणीतच होते. चित्रात दिसते तशी, एका बाजूला शिंग असलेली भली थोरली ऐरण हवी, असा त्याचा हट्ट असतो. स्वस्तात मिळणाऱ्या अशा ऐरणी बऱ्याचदा ओतीव बिडाच्या असतात आणि वरून चकचकीत रंग फासलेला असतो. बीड ठिसूळ. ते घाव गिळते, आणि कडेचे टवके उडतात. पारख करायला बेअरिंगमधली एक पोलादी गोळी खिशात असली की पुरे. दहा इंचांवरून ती ऐरणीवर सोडावी. चांगल्या पोलादावरून ती सात-आठ इंच परत उसळते, बिडावर दोन-तीन इंच उसळून बसते. गोळी जेवढी वर येईल तेवढी आपली मेहनत वाचली.

माझी पहिली ऐरण मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातली. ऐरण म्हणायची एवढेच. कुठल्याशा यंत्राच्या जाड शाफ्टचा पस्तीस किलोचा तुकडा होता तो. "साहेब, दाराला टेकण लावणार का?" असे विकणाऱ्याने विचारले होते. तो उभा ठेवून मी वर्षानुवर्षे काम केले, शिंगावाचून काही अडले नाही. आपला गावचा लोहारही जमिनीत किंवा ओंडक्यात रोवलेल्या हातभर चौकोनी ऐरणीवरच सगळा संसार उभा करीत आला. रेल्वेच्या रुळाचा तुकडाही चालतो, पण तो पावतीशिवाय घेऊ नये. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगणे हा १९६६ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि 'भंगारात मिळाला' हे उत्तर तिथे पुरत नाही.

ऐरण बाभळीच्या ओंडक्यावर पक्की बसवावी. उंची अशी, की ताठ उभे राहून हात खाली सोडला असता मिटलेली मूठ तिला टेकावी. त्याहून बुटकी असेल तर संध्याकाळी कंबर आठवण करून देते. तिच्याभोवती लोखंडी साखळी गुंडाळली की ठणठणाट बराच कमी होतो. तरीही हा उद्योग फ्लॅटच्या बाल्कनीत करू नये. सोसायटीच्या पुढच्या सभेत एकच विषय असेल आणि तो म्हणजे तुम्ही.

बाकीच्या अवजारांचे फार कौतुक नको. एक किलोचा हातोडा, दोन सांडशा, छिन्नी, दोन कानशी आणि डोळ्यांवर चष्मा. सांडशी मात्र पट्टीला घट्ट बसणारीच हवी, सैल सांडशीतून निसटलेले लाल लोखंड कुणाच्या पायावर पडेल याचा नेम नसतो. अंगात सुती कपडे असावेत. आणि जस्ताचा मुलामा दिलेला पाइप किंवा पत्रा भट्टीत कधीही घालू नये. त्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरतो.

आता सुरीकडे येतो. माझी पहिली सुरी मी ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून काढली होती. लाल केली आणि मोठ्या ऐटीत बादलीभर गार पाण्यात बुडवली. 'टिक्' असा बारीक आवाज झाला, त्याकडे मी लक्ष दिले नाही. मूठ बसवायला ती घेऊन सोलापूर रस्त्याच्या कडेला पाल ठोकलेल्या एका घिसाडी कुटुंबाकडे गेलो. सायकलच्या चाकावर फिरणारा पंखा लावून भट्टी पेटवली होती. नवरा सांडशीत पाते धरून बसलेला, बायको उभी राहून घण घालीत होती. तिने माझी सुरी घेतली, नखाने टिचकी मारली, कानाजवळ नेली. "भेगलंय हे, बाबा. पाण्यात घातलंस ना? पाट्याला तेल लागतं." नवऱ्याने सुरी ऐरणीच्या कडेला टेकवून दाबली. बिस्किटासारखे दोन तुकडे झाले.

तिने कानाने ओळखले ते पुस्तकात असे सापडते. बांधकामाच्या किंवा खिडकीच्या गजातल्या साध्या लोखंडात कार्बन शेकडा पाव भागाच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. त्याला कितीही पाणी पाजा, धार टिकत नाही. कमानपाट्यात तो अर्ध्या टक्क्याहून थोडा अधिक, जुन्या चांगल्या कानशीत एक टक्का किंवा वर. पाते तापवताना लोहचुंबक जवळ ठेवावा. ७७० अंश सेल्सिअसच्या सुमारास लोखंड त्याला चिकटेनासे होते. त्याहून किंचित पुढे न्यावे आणि कोमट तेलात सरळ बुडवावे. तेल भडकू शकते, म्हणून भांडे लोखंडी असावे आणि त्याचे झाकण हाताशी. पाते आता कडक झाले, पण काचेसारखे. म्हणून घासून उजळ केलेले पाते पुन्हा २०० अंशांच्या जरा वर तापवायचे, वाळल्या गवताचा पिवळा रंग चढेपर्यंत. स्वयंपाकाच्या सुरीला तो पुरे. रंग जांभळ्या-निळ्यावर गेला की पाते चिवट होते, पण धार लवकर बसते. घिसाडी यातले काहीच मोजत नाही. तो फक्त धारेची बाजू बुडवतो आणि पाठीत उरलेली धग धारेकडे उतरताना रंग पाहत बसतो. नेमक्या क्षणी पुन्हा बुडवतो, झाले.

ही विद्या आपल्याकडे आजची नाही. नागपूर जिल्ह्यातल्या नायकुंडला डेक्कन कॉलेजच्या शां. भा. देव यांच्या उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी सापडली, ती अडीच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची. १७९४ मध्ये मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनी 'वूट्झ' या हिंदुस्थानी पोलादाचे नमुने लंडनला पाठवले आणि पुढे मायकेल फॅरडेसारखा माणूस त्याचे गुपित शोधायला बसला. आमचा पुतण्या मात्र ते गुपित मोबाइलवर अमेरिकेकडून शिकू पाहत होता. लोहार-लोहारणीची मनात राहिलेली शेवटची जोडी विचारली, तर आपल्यापैकी बहुतेक जण १९६५ चा भालजी पेंढारकरांचा 'साधी माणसं' सांगतील.

कायद्याचेही सांगितले पाहिजे. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय वा औद्योगिक कामासाठी नसलेली, नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची सुरी २०१६ च्या शस्त्र नियमांत शस्त्र म्हणून मोडते. खंजीर तर मोडतोच. पोलिसांचे मनाई आदेशही वेळोवेळी निघतात. म्हणून पुतण्याला मी अट घातली, की जे घडवशील ते तुझ्या आईच्या ओट्यावर वापरले गेले पाहिजे. त्याला हे फारच मिळमिळीत वाटले. मग त्याला राजा दिनकर केळकर संग्रहालयात नेऊन अडकित्ते दाखवले. सुपारी कातरण्याच्या साध्या कामावर कारागिराने किती जीव ओतावा! तो तिथे तासभर रेंगाळला.

आणि एक गोष्ट कबूल करतो. त्या बाईने मला शिकवण्याचे पैसे मागितले नाहीत आणि मीही दिले नाहीत. विळा विकत घेतला, तोही घासाघीस करून. गिटारच्या शिक्षकाला आपण महिन्याची फी बिनतक्रार देतो. या माणसांची पाले नगर वाढेल तशी पुढे सरकत जातात, कोयत्याच्या बातम्यांनी त्यांच्याकडे गिऱ्हाइकाआधी संशय येतो, आणि त्यांचे ज्ञान आपण फुकट उचलतो. याची मला लाज वाटते.

म्हणून या खेपेला पुतण्यासाठी हडपसरच्या पुढे दुसऱ्या एका कुटुंबाशी आधीच बोलणी केली. "मामा, चार रविवार याला शिकवायचं काय घ्याल?" विळ्याची, कुऱ्हाडीची, धार लावण्याची किंमत त्यांना तोंडपाठ होती. या प्रश्नावर मामा मावशीकडे बघू लागले. अखेर आकडा मीच सांगितला आणि दोघांनाही तो जास्त वाटला.

पहिल्या रविवारी पुतण्याने फक्त घण घातला आणि मावशीची बोलणी खाल्ली. दुसऱ्या रविवारी त्याच्या तळहाताला फोड होते. तिसऱ्या रविवारी मामांचा मुलगा मोटारसायकलवरून आला, पाठीवर घरपोच जेवण पोचवणाऱ्यांची पिशवी. वयाने दोघे सारखेच. थोडा वेळ उभा राहून बघत होता. मग म्हणाला, "तू तर इंजिनिअर होणार ना? तुला हे कशाला पाहिजे?"

पुतण्याला उत्तर सुचले नाही. त्याने सांडशीतले पाते पुन्हा भट्टीत घातले. मुलाने पिशवी खाली ठेवली आणि सायकलचे चाक फिरवायला बसला.